मल्हारीचा मोजा माझ्या पायात

पेशंटसाठी पुण्याहून आलेला सेन्सरचा मोजा मी स्वतःच्या पायात घातला आणि तसाच बेंबळीला जाऊन लग्न जेवून आलो. चूक एवढीच. पुढं जे झालं ते तिला फुटलेले फाटे.

मोजाच तर होता, घातला तर काय बिघडलं, असं तुम्ही म्हणाल. म्हणून आधी धंदा सांगतो.

मी पाय बनवायचो. उमरग्यात हायवेच्या अलीकडं एका ट्रस्टचं छोटं केंद्र आहे, पत्र्याचं शेड आणि पुढं एक चिंच. तिथं तेहतीस वर्षं काढली. कुणाचा पाय ट्रकखाली गेलेला, कुणाचा उसाच्या ट्रॉलीखाली, आणि अलीकडं निम्मे साखरेच्या आजारानं गेलेले. लोक आले की पहिलं विचारतात, पाऊल कसलं? रबराचं? वाकतं का? अहो, पाऊल तयार मिळतं. मधली नळीही मिळते. तयार मिळत नाही ते सॉकेट. गुडघ्याखाली जेवढा पाय उरतो तो ज्यात बसतो तो पेला म्हणजे सॉकेट. ते ज्याचं त्यालाच बनवावं लागतं. चप्पल चावली तर माणूस ती हातात घेऊन चालतो. सॉकेट चावलं तर चालणंच हातात घेऊन बसतो.

त्याची रीत अशी. उरलेल्या पायावर जांभळ्या पेन्सिलीनं हाडं कुठं कुठं आहेत त्याच्या खुणा करायच्या. प्लास्टरची ओली पट्टी गुंडाळायची, आणि ती आवळत असताना गुडघ्याच्या वाटीखाली दोन्ही अंगठे रुतवून धरायचे. वाळली की टोपी काढल्यासारखी काढायची, तिच्यात प्लास्टर ओतायचं, की पायाचा पुतळा तयार. मग कानस घेऊन तो पुतळा घासायचा. मांसाला दाब चालतो, तिथं घासून कमी करायचं. हाडाला चालत नाही, तिथं थर चढवायचा. किती कमी, किती जास्त, हे कुठल्या पट्टीवर लिहिलेलं नसतं. ते अंगठ्याला कळतं. माझ्या अंगठ्यांवर माझा एवढा जीव होता की भाजी चिरतानासुद्धा मी ते लांब ठेवायचो. बायको म्हणायची, "तुमच्या अंगठ्याचे मुके घ्या आणि मिरच्या मी चिरते."

चुका मी पहिल्यापासून दर्जेदार केल्या आहेत. बेंबळीच्या एका बाईंना रबरी पावलात जोडवी घालायची होती. "नवरा जित्ता हाय माझा, एका पायात जोडवं आन् एक पाय बोडका, बरं दिसतं का?" त्या पावलाची बोटं एकमेकांना चिकटलेली असतात. मी ऐटीत ब्लेड घेऊन दुसरं बोट सुटं करून दिलं. जोडवं चढलं. बाई रडल्या, मी फुगलो. चार महिन्यांनी त्या रुमालात गुंडाळून ते बोट घेऊन आल्या, जोडव्यासकट. म्हणाल्या, "दादा, ह्ये मुरमात गावलं. परत लावा, पर आता तुमी लावू नका, दुसऱ्याकडनं लावून घ्या."

असं असलं तरी एका गोष्टीचा मला फार गर्व होता. माझ्याकडं पेशंट खोळंबत नसे. लोहारा, माकणी, मुरूम, कुठून कुठून माणसं दोन-दोन एसट्या बदलून येतात, त्यांना दुपारची परतीची गाडी गाठायची असते. तेव्हा माझा नियम होता, आल्या आल्या पट्टी. माणूस उंबऱ्यात दिसला की मी पट्टी पाण्यात टाकलेलीच असायची. इतर केंद्रांत लोक तासन्‌तास बाकावर बसतात, आपल्याकडं नाही, असं मी येईल त्याला ऐकवत असे.

निवृत्तीला नऊ महिने उरले असताना मानसी मॅडम आल्या. वय सव्वीस-सत्तावीस. पाय बनवण्याचंच शिक्षण घेतलेल्या. पुण्याच्या एका कॉलेजनं तयार केलेला मोजा आमच्याकडच्या पेशंटांवर वापरून बघायला त्यांना पाठवलं होतं. मला त्या काका म्हणायच्या, पाया पडायच्या, चहा पहिला मला द्यायच्या. राग यायला काहीच जागा ठेवली नव्हती त्यांनी. त्याचाच मला राग.

आणि तो मोजा. नावाला मोजा, खरं तर खालून उघडी अशी काळी बाही. तिच्यात ताणले की कळवणारे दोरे विणलेले, आणि गुडघ्याशी काडेपेटीएवढी डबी. पाय फुगला की दोरे ताणतात, आक्रसला की सैलावतात. किती, कुठं, किती वाजता, हे सगळं ती डबी टिपून घेते आणि मॅडमच्या फोनवर रेघा उमटतात. पायाचा आकारच फोनवर उभा राहतो. ना प्लास्टर, ना पाणी, ना माझ्या पँटीवरचे पांढरे ठिपके.

माझी प्लास्टरची बादली मोरीत पडलेली असायची. मोजा मखमली पिशवीत. मोजा धुताना मॅडम कोमट पाणी घ्यायच्या. मी तेहतीस वर्षं हौदाच्या पाण्यानं हात धुतले, त्यात कुणी कधी कोमट घातलं नाही.

पेशंट फितूर व्हायला आठवडा लागला नाही. मी खुणा करायला पेन्सिल काढली की विचारायचे, "मोजावाल्या ताई न्हाईत का आज?" एकानं तर माझे अंगठे रुतत असताना माझ्याच तोंडावर सांगितलं, "मिस्तरी, ते मोज्याचं बरंय. दुखत न्हाय."

मी मोज्यावर जळत होतो. माणसावर जळणारी माणसं पुष्कळ पाहिली असतील तुम्ही. विणलेल्या कपड्यावर जळणारा मी एकटाच.

आता मल्हारी. माकणीचा मेंढपाळ, पन्नाशी उलटलेला, साठ मेंढरांचा धनी. ट्रकनं डावा पाय गुडघ्याखाली गेला त्याला अकरा वर्षं झाली होती. अकराही वर्षं त्याची सॉकेटं मीच बनवली. आणि दर वेळी तेच. दोन-तीन महिने बरे जायचे, मग हाडाच्या टोकाशी जखम. मी सॉकेट घासून द्यायचो, नवं द्यायचो, आणि शेवटी त्यालाच बोलायचो, "तू मेंढरासारखा उड्या मारत चालतोस, दुसरं काय होणार?" तो खाली मान घालून ऐकायचा. या खेपेला जखम खोल गेली होती. डॉक्टरनं बजावलं होतं, अजून एकदा हाडापर्यंत गेली तर गुडघा वाचणार नाही. आणि गुडघा गेला की माळावर मेंढरामागं हिंडणं संपलं, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

मॅडम म्हणाल्या, "मामांना आपण चार दिवस मोजा घालून बघू. दिवसभर पाय कसा बदलतो ते कळेल."

मल्हारी मंगळवारी येणार होता. सोमवारी मॅडमनी त्याच्या नावानं डबी चालू केली, मोजा माझ्या हाती दिला आणि त्या पुण्याला मीटिंगला गेल्या. "काका, मामा आले की चढवून द्या फक्त." फक्त! तेहतीस वर्षांचा कारागीर आणि काम काय, तर मोजा चढवणं.

मंगळवारी सकाळी मल्हारीचा फोन आला, एक मेंढी व्यायला झालीय, उद्या येतो. मला बेंबळीला मेहुण्याच्या मुलीच्या लग्नाला जायचं होतं. मोजा समोर पडलेला. म्हटलं, ह्याला असं कळतं तरी काय, ते बघावं. पँट वर केली आणि चढवला. माझी पोटरी गुबगुबीत आहे. मोजा कुरकुरला, पण बसला. पँट खाली केली आणि निघालो. डबी मल्हारीच्या नावानं चालू आहे हे डोक्यातही आलं नाही. किंवा आलं असेल आणि मी त्याला बसायला सांगितलं नसेल.

लग्नात मी वरातीत नाचलो. पंगतीत मांडी घालून बुंदी तीनदा घेतली. संध्याकाळी घरी मोजा काढला तर पोटरीवर गोल गोल वळ. बायको म्हणाली, "ह्ये काय? अजगर गुंडाळला होता का?" मी म्हटलं, मांडी घालून बसलो होतो. ती म्हणाली, "मांडीला गोल वळ उठत नाहीत." मी पांघरूण घेतलं.

बुधवारी मल्हारी आला. मोजा त्याच्या पायावर चढवला. जुन्या सैल सॉकेटात तो तसाही तीन-तीन मोजे कोंबायचा, त्यातला एक काढून हा घातला. शुक्रवारी तो परत आला, मॅडमही आल्या. त्यांनी फोन उघडला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मामा, पहिल्या दिवशी तुमचा पाय केवढा सुजलाय! दुपारी एकच्या सुमाराला तर बघा. काय करत होतात तेव्हा?"

मल्हारीनं आपला बुधवार आठवला. "काय करनार? हितनं एसटीनं माघारी निघालो होतो."

"बसल्या जागी एवढी सूज? खाण्यात काय होतं?"

"भाकर. ठेचा."

मॅडम माझ्याकडं वळल्या. "काका, ही सूज साधी नाही. किडनीची तपासणी करून घेऊ या."

त्या क्षणी मला कळलं होतं. एकचा सुमार म्हणजे पंगत. ती सूज म्हणजे माझी पोटरी आणि तीन वेळची बुंदी. तोंड उघडून चार शब्द बोलायचे होते. मी बोललो नाही. आधी भीती वाटली, निवृत्तीच्या तोंडावर असला पाचकळपणा कसा सांगायचा. पण ते अर्धंच खरं. उरलेलं अर्धं लिहितो, कारण न लिहून सुटका नाही. मला गोड वाटलं. मोजा चुकला! एवढा मखमलीतला, कोमट पाण्यातला मोजा, आणि त्याला धडधाकट माणसाचा पाय आणि कापलेला पाय यातला फरक कळला नाही. चूक मोज्याची नव्हती हे मला ठाऊक होतं. तरी गोड वाटलं.

मल्हारीचं रक्त काढलं. शनिवारी रिपोर्ट आला, सगळं ठीक. मला हुश्श वाटलं. पण मॅडमचा मोज्यावर रिपोर्टपेक्षा जास्त विश्वास. त्यांनी त्याला फोन केला, सोलापूरला मोठ्या डॉक्टरांना दाखवू. मी खुर्चीत बसून ऐकलं आणि कानस पुसत राहिलो.

सोमवारी मल्हारी न बोलावता आला. तोंड सुकलेलं.

"ताई, म्या सोलापूरला येतो. कदी यायचं सांगा. गुरवारनंतर कदी बी."

मॅडम म्हणाल्या, "गुरुवारी काय आहे?"

"मेंढरं इकतोय. येपारी येनार हाय घ्यायला."

"अहो, पण का?"

"किडनी गेल्यावर मानूस किती दिस ऱ्हातं? आमच्या गल्लीत एक हुता, वरसात आटपला. माझ्यामागं बायकू एकली साठ मेंढरं राखंल का? तीन दिस झाले, बिनमिठाची भाकर खातोय. मेंढरांच्या तोंडाकडं बगवंना झालंय."

हातातली कानस मी खाली ठेवली.

"मॅडम, पहिला दिवस पुसून टाका."

"का?"

"तो पाय माझा आहे."

मग सगळं सांगितलं. लग्न, वरात, बुंदी. मल्हारीनं माझ्या चेहऱ्याकडं बघितलं, मग पोटरीकडं, मग परत चेहऱ्याकडं.

"म्हंजी किडनी तुमची गेली व्हय?"

"कुणाचीच गेली नाही रे. ती नुसती माझी पोटरी आहे."

तो बाकावर बसला. शिव्या देईल असं वाटलं. त्यानं पहिली गोष्ट कुठली केली? बाहेरच्या टपरीवरून मिठाची पुडी आणि दोन मिरच्या मागवल्या, पिशवीतली भाकरी काढली आणि मिठात बुडवून बुडवून खाल्ली. खाताना डोळ्यांतून पाणी येत होतं. मिरचीमुळं, असं तो म्हणाला.

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "काका, चूक कुणाकडूनही होते. पण तुम्ही तीन दिवस गप्प बसलात."

मोज्यावर जळत होतो, हे वाक्य साठीच्या माणसाच्या तोंडून निघत नाही हो. आज लिहितोय तेसुद्धा लिहिताना समोर तुम्ही नाही म्हणून.

मॅडमनी पहिला दिवस पुसला. उरलेल्या रेघा बघायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. मागं गेल्या, पुढं आल्या.

"मामा, एसटीत तुम्ही पाय काढून ठेवता का?"

"व्हय. गुडगा दुमडून बसलं की मागची कड चावती. काडून मांडीवर घेतो."

"आणि उरलेला पाय?"

"ऱ्हातो लोंबकळत."

"किती वेळ?"

"दोन गाड्या. दोन-अडीच घंटे."

मग माझ्याकडं वळून, "काका, तुम्ही पट्टीचा साचा कधी घेता?"

मला वाटलं, चला, निदान हे तरी आपलं बरोबर आहे. छाती काढून म्हणालो, "आल्या आल्या! माझ्याकडं पेशंट खोळंबत नाही."

त्यांनी फोन माझ्यापुढं धरला. बुधवारी परतीच्या एसटीत रेघ वर. शुक्रवारी येतानाच्या एसटीत रेघ वर, आणि इथं उतरताना सगळ्यात वर. मेंढरांमागं हिंडतानाचा गुरुवार बघितला, तर पाय सॉकेटात बसल्यानंतर तासाभरात रेघ खाली आलेली आणि दिवसभर खालीच.

बाहेरच्या माणसाला सोपं करून सांगतो. पाय लोंबकळत ठेवला की त्यात पाणी उतरतं, तो फुगतो. सॉकेट घालून चाललं की आक्रसतो. मी अकरा वर्षं मल्हारीच्या एसटीतल्या पायाचा साचा घेत होतो, आणि तो चालत होता माळावरच्या पायानं. फुगल्या पायाचं सॉकेट आक्रसल्या पायाला सैल होणार, पाय खाली खाली रुतणार, आणि हाडाचं टोक तळाशी आपटणार. जखम त्याच्या चालण्यानं होत नव्हती. माझ्या तत्परतेनं होत होती.

पाय फुगतो-आक्रसतो हे मला माहीत नव्हतं असं नाही. शिकाऊ पोरांना मी ते फळ्यावर लिहून दाखवलेलं आहे. पण समोरच्या माणसाची गाडी चुकू नये या नादात ते कधी आठवलंच नाही. त्या दिवसापासून एकेक चेहरा आठवतोय. लांबून येणारे सगळे. सगळ्यांना मी आल्या आल्या पट्टी मारली, आणि जखमा झाल्यावर सगळ्यांना म्हणालो, नीट चालत जा.

मल्हारीला मी म्हटलं, "आज तुझी गाडी चुकणार." त्याला मोजा आणि त्यावर जुना पाय घालून स्टँडपर्यंत दोन चकरा मारायला लावल्या, रेघ खाली येऊन स्थिर होईपर्यंत. जखमेवर जाड गादी बांधून, कुबडीच्या आधारानं, हळूहळू. मी त्याच्यासोबत चाललो. मग पट्टी भिजवली. मॅडम म्हणाल्या, आकार आता मोज्यावरूनही निघेल. मी म्हटलं, निघू द्या, पण एकदा अंगठे लावू द्या. दोन्ही आकार शेजारी ठेवले. वाटीखाली माझे अंगठे जिथं रुतले होते तिथं मोज्याला काहीच कळलं नव्हतं. दिवसभराच्या मापात माझ्या अंगठ्यांना काही कळलं नव्हतं. सॉकेट दोघांचं मिळून झालं. जखम भरेपर्यंत मल्हारी घरी बसला, मेंढरामागं बायको हिंडली. व्यापारी आला तसा परत गेला.

नवा पाय घालून त्याला तीन महिने झाले, जखम नाही. मी निवृत्त झालोय, पण केंद्रात चक्कर असते. तिथं कळलं की माकणीपासून उमरग्यापर्यंत मल्हारी एकच सांगत हिंडतो, मोज्यानं पाय केला म्हणून. अंगठ्यांचं नाव नाही! मॅडमच्या कॉलेजनं त्याचा फोटो मागवला, त्यात मोजा पुढं, मल्हारी मागं, आणि कडेला एक कोपर दिसतं ते माझं. मी अजून जळतो. लपवायचं सोडलं एवढंच.

परवा तो पाय दाखवायला आला तेव्हा राहवलं नाही. म्हटलं, "मल्हारी, खरं सांग. त्या मोज्यात असं काय होतं जे माझ्यात नव्हतं? अकरा वर्षं तुझा पाय हातात धरला मी."

तो सॉकेटाचा पट्टा आवळत होता. मान वर न करता म्हणाला,

"मिस्तरी, बाजारात मेंढरू घेताना अडानी मानूस बी आदी इचारतो, पानी पाजून आनलंय का रं, फुगवून आनलंय का? अकरा वर्सांत तुमी मला येकदा बी इचारलं न्हाय, मल्हारी, कसा आलास."